सलामीच्या वेळी तुम्ही तलावाकडे गेलात

काल दुपारी खाणीत सुरुंग उडाला तेव्हा मी ताटात भात वाढून घेत होते. खिडकीच्या काचा नेहमीसारख्या थरथरल्या, मांडणीवरची भांडी किणकिणली, आणि मी भातवाढी हातात धरून तशीच थांबले. तुम्ही पुन्हा जेवायला लागायची वाट बघत. इतकी वर्षं तेच तर बघत आले. स्फोट झाला की तुमचा घास हातातच राहायचा, डोळे मिटायचे, ओठ हलायचे, आणि मग जेवण पुढे सुरू व्हायचं. अहो, कोळसा मोकळा करायला लावलेला सुरुंग आहे तो, त्यात कोणी मरत नाही, असं मी कितीदा सांगितलं असेल. तुम्ही म्हणायचात, "मले माहीत आहे. पण आवाजाले कुठी माहीत आहे?"

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तुमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बहिणी येऊन सांगतात की तुम्ही विश्रांतीत आहात. असालही. मी मात्र अजून तुमच्याशी भांडतेच आहे, आणि आता माझी बाजू मांडून झाली की पलीकडून काहीच येत नाही.

लग्न झालं तेव्हा तुम्ही भद्रावतीच्या फॅक्टरीत फिलिंग सेक्शनला होतात. तोफगोळ्यात दारू भरायचं काम. तुमचे वडील तिथूनच रिटायर झालेले, तुम्ही कॉलनीतच वाढलेले. त्या कामात थांबून विचार करण्यासारखं काही आहे असं तुम्हाला कधी वाटलं नव्हतं. नावाचे ख्रिस्ती होतात, नाताळला नवा शर्ट घालण्यापुरते. मी गोंडपिपरी तालुक्यातल्या बौद्ध घरची, शाळामास्तरांची मुलगी. आपण रजिस्टर लग्न केलं आणि दोन्ही घरांनी ते हळूहळू पचवलं.

मग तुम्ही त्या छोट्या मंडळीत जायला लागलात. पाळक नसलेली, एका भावाच्या घरातल्या मोठ्या खोलीत भरणारी, मोजक्या घरांची मंडळी. ते लोक कर वेळेवर भरायचे, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायचे, पण मत देत नसत आणि हत्यार धरत नसत. बाकीचे हे ऐकून घरी जायचे. तुम्हाला ते तसं सोडता आलं नाही. ख्रिस्ताने पकडलं जाण्याच्या वेळी आपल्याच शिष्याला तलवार म्यानात घालायला लावली. ती पुन्हा उपसायची परवानगी त्याने नंतर कुठे दिली का, हे शोधत तुम्ही कित्येक संध्याकाळी शास्त्र उघडून बसलात. शेवटी एक दिवस अर्ज लिहून साहेबांकडे गेलात. मला फिलिंगमधून काढा, म्हणून.

साहेब हसले, पण माणूस भला होता. त्यांनी तुम्हाला फॅक्टरीच्या अग्निशमन दलात घातलं. जाताना एवढंच विचारलं की आगीचा बंबही याच फॅक्टरीचा आहे, मग फरक काय पडला? घरी येऊन तुम्ही मला तुमचं उत्तर सांगितलंत. "म्हटलं, साहेब, फरक किती पडते मलेबी पक्कं माहीत नाई. पण हात तेवढा तरी लांब राहील."

कॉलनीत तुम्हाला 'बंबवाले पास्टर' म्हणायला लागले. तुम्ही हसून घ्यायचात. मला मात्र लाज वाटायची, आणि ती मी तुमच्यापासून कधी लपवली नाही.

मतदानाच्या दिवशी तर आपल्या घराची गंमतच असायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे इलेक्शन ड्युटी ठरलेली. आदल्या दिवशी तुम्ही माझ्या पिशवीत चादर, टॉर्च, दशम्या, लोणचं भरून द्यायचात. स्टँडवर सोडायला यायचात, आमच्या सगळ्या पोलिंग पार्टीच्या सुखरूप परतीसाठी तिथेच टोपी काढून प्रार्थना करायचात. लोक बघायचे. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मात्र घराबाहेर पाऊल टाकायचा नाहीत.

माझ्या बाबांना हे सहन व्हायचं नाही. त्यांच्यासाठी मतदान म्हणजे सण. पांढरा इस्त्रीचा सदरा घालून ते सकाळी सगळ्यांत आधी रांगेत उभे राहायचे. एकदा निवडणुकीनंतर आपल्याकडे आले असताना त्यांनी तुमचं बोट बघितलं. शाई नव्हती. बाबा आवाज न चढवता बोलले, म्हणून ते मला जास्त लक्षात राहिलं.

"जावईबापू, तुमचं राज्य वर असंल. आमाले खालीच न्याय पायजे होता. तो या मताच्या कागदानं दिला."

तुम्ही म्हणालात, "मामाजी, मी राज्याच्या विरोधात नाई. त्याच्यासाठी रोज गुडघे टेकतो. पण त्याच्यासाठी कोणाले मारू शकत नाई, अन् मारायचा हुकूम कोणी द्याचा हेबी ठरवू शकत नाई."

"मत नाई देल्लं तरी कोणीतरी निवडूनच येते," बाबा म्हणाले. "तुमी फक्त डोळे मिटून घेता."

तुम्ही गप्प बसलात. तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. आता वाटतं, उत्तर सापडलं नाही की ते न बनवता गप्प बसणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

विलास बारावी झाला आणि आयटीआय करायला आपल्याकडे राहायला आला. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान भाऊ. आपल्याला मूल नव्हतं. तो आल्यावर घरात पहिल्यांदा कुणीतरी जोरात गाणी म्हणायला लागलं. सकाळी तुम्ही धावायला निघालात की तो मागे लागायचा. फायरमनचा दम तुमचा, त्याला सुरुवातीला कॉलनीच्या गेटपर्यंतही जमायचं नाही. वर्षभरात तो तुम्हाला मागे टाकायला लागला. त्याला तुम्ही पोहायला शिकवलंत, दोर चढायला शिकवलंत, जखमी माणसाला खांद्यावर कसं घ्यायचं ते शिकवलंत. पोलीस भरतीच्या मैदानात तो कशामुळे टिकला हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. आपण त्यावर कधी बोललो नाही.

ट्रेनिंग संपवून तो वर्दीत आला तो दिवस. गडचिरोलीला पोस्टिंग झालं होतं. आधी माझ्या पाया पडला, मग तुमच्यासमोर गुडघ्यावर बसला. म्हणाला, भाऊजी, तुमच्या देवाजवळ माझ्यासाठी काही बोला. तुम्ही हात पुढे केलात आणि मागे घेतलात. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, मला तुमचा चेहरा दिसत होता.

"तुह्यासाठी करतो रे. वर्दीसाठी नाई होत मायाच्यानं."

मला वाटलं, आता हा उठून जाईल. पण विलासने हसत हसत शर्टाची बटणं काढली, शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि बनियनवर पुन्हा तुमच्यासमोर बसला. "आता मी नुसता विलास. करा." तुम्ही त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवलेत. मग इतकं हळू बोललात की मला एक शब्दही ऐकू आला नाही. तुम्ही काय मागितलं होतंत? मी नंतर विचारलं नाही, कारण जे मागितलं असेल ते मिळालं नाही.

तो गेला ते एटापल्लीकडच्या एका रस्त्यावर. सकाळची वेळ, रस्त्याखाली पुरलेला सुरुंग, त्यांची गाडी. बाकीचं मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत होतं. ते इथे लिहीत नाही.

गावाला तलावाच्या काठी अंत्यविधी होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती, शाळेची पोरं रांगेत उभी केली होती. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. तुम्ही हात जोडून उभे होतात, मी बघितलं. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील बाबा म्हणत होते, समोर तिरंग्यात गुंडाळलेला त्यांचा मुलगा. लहानपणापासून रोज म्हटलेलं ते वाक्य त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मग पोलिसांची तुकडी पुढे आली. बंदुका वर झाल्या. आणि तुम्ही वळलात. गर्दीतून वाट काढत तलावाकडे चालत गेलात, आमच्याकडे पाठ करून पाण्याजवळ उभे राहिलात, आणि दोन्ही हात कानांवर ठेवलेत. हवेत तीन फैरी झाल्या. तलावावरचे बगळे उडाले. सगळं गाव विलासकडे बघायचं सोडून तुमच्या पाठीकडे बघत होतं.

बाबांनी तुम्हाला त्या दिवशी काही म्हटलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आपण निघताना म्हटलं. "पोरानं तुमच्यासाठी वर्दी उतरवली होती. तुमी त्याच्यासाठी तीन मिनिटं उभे नाई राह्यले."

घरी आल्यावर मी तुमच्याशी बोलणं सोडलं. मीठ हवं का, दूध आलं का, एवढंच. चार महिने. एकदा दुपारी खाणीतला स्फोट झाला, तुम्ही नेहमीसारखे थांबलात, पण त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणालात, "सरोज, मी अकरा वर्षं भरलं ते कुठीतरी फुटलंच असंल ना. कोणाच्या तरी भावावर."

मी उठून भांडी घासायला गेले. मला तेव्हा वाटलं, माझ्या दुःखातही हा माणूस स्वतःचं पाप घेऊन बसला. तुम्ही तलावाकडे का गेलात, ते त्याच वेळी सांगत होतात. मला ते कळायला फार उशीर झाला.

आणि मग लालसू आला.

पूर्वी नक्षल्यांच्या दलममध्ये होता, शरण आलेला, चाळिशीचा. भद्रावतीला गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. मंडळीतल्या कुणीतरी त्याला आणलं, आणि तो येत राहिला. सगळ्यांत मागे बसायचा, गाणं म्हणताना फक्त ओठ हलवायचा. त्याने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्याला पाण्यात धरणारा हात तुमचा होता. मी पाण्यात कधी उतरले नाही, पण दर रविवारी तुमच्याबरोबर येऊन बायकांच्या बाजूला बसत आले. त्या रविवारी मी अर्ध्यातून उठले आणि एकटी घरी आले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत, मला न विचारता. मी त्याच्यासमोरच सांगितलं की या घरात याला मी वाढणार नाही. तो चपला न घालता, त्या हातात घेऊन गेला. मग मी तुम्हाला जे म्हटलं ते आपलं खरं भांडण, आणि तेच राहून गेलं. मी म्हटलं, "मारणं म्हणजे मारणंच ना? मग त्याच्या मारण्याले तुमच्याजवळ माफी आहे, अन् माया भावाच्या वर्दीले साधा सलाम नव्हता."

तुम्ही भिंतीला टेकून बसलात. म्हणालात, "तू बरोबर बोलून राह्यली. मले याचं उत्तर नाई."

मला उत्तर हवं होतं. तुम्ही हरावंत असं मला नको होतं. तुम्ही हरलात आणि तरी त्याला भेटायला जात राहिलात, ते मला सगळ्यात जास्त लागलं. बंबवाल्याने विझवायला जावं आणि ज्याने आग लावली त्याच्याशी गप्पा मारत बसावं, असंही मी एकदा बोलले. तुम्ही पायात बूट घालत होतात, घातलेत आणि निघालात.

चंद्रपूरच्या दवाखान्यात शेवटच्या आधीच्या दिवशी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. पेज घेतलीत, उशी सरळ करायला सांगितलीत. मग माझं मनगट धरून म्हणालात, लालसूबद्दल एक सांगायचं राहिलं आहे. मी म्हटलं, आज नको. त्याचं नाव इथे नको. तुम्ही मान हलवलीत. बरं, म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही गेलात.

त्या 'आज नको'बरोबर मी राहते आहे. घरभर तेच फिरतं. नळ सोडला तरी, रेडिओ लावला तरी. तुमचं ते 'बरं' इतकं साधं होतं, जणू मी भाजीत मीठ कमी घालायला सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात लालसू आला. दुपारी, दाराबाहेर उभा. तुमच्या दफनाच्या वेळी तो कबर खणणाऱ्यांत होता, ते मी बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं होतं. आत ये म्हटलं नाही. तोही आत यायचं म्हणत नव्हता. विचारत होता की कबरीवर सिमेंटचं काम करायचं आहे, ते त्याने केलं तर चालेल का. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि जे तुमच्यासमोर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या सकाळी तू होता काय तिथी?"

त्याने पायरीवर बसकण मारली. मला वाटलं, रडेल. रडला नाही.

"होतो, बाई. गाडी दिसली का टॉवेल हलवायचा, येवढंच काम होतं माह्यं. वायर दुसऱ्याच्या हातात होती." मग म्हणाला, "मी हलवला."

 आत कुकरची शिट्टी झाली, तीही मला आठवते.

"शरण आलो तवा पोलिसाच्या साहेबलोकायले सांगतलं हाय. कागदात हाय," तो म्हणाला. "भाऊलेबी सांगतलं होतं. पाण्यात उतरायच्या आधी. त्यायनं तुमाले नाई सांगतलं काय?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ज्या हाताने टॉवेल हलवला तो हात धरून तुम्ही त्याला पाण्यात घातलंत, वर काढलंत. माझ्यासमोर जेवायला बसवायला आणलंत. मी तुम्हाला भिंतीला टेकवलं त्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही एवढंच म्हणालात की उत्तर नाही.

मी लालसूला विचारलं की ऐकल्यावर ते काय म्हणाले.  तो म्हणाला, तुम्ही विचारलंत, तू हलवला तेव्हा तुले गाडीतली माणसं दिसत होती काय? लालसूने सांगितलं, नाही, लांब होतो. त्यावर तुम्ही म्हणालात, मलेबी नव्हती दिसत.

हेच उत्तर होतं ना? हेच माझ्याजवळ बोलायचं होतं, आणि माझ्या भावाचं नाव त्यात असल्यामुळे तुम्हाला ते बोलता येत नव्हतं. तुम्हाला त्याच्यात अकरा वर्षं फिलिंगमध्ये काढलेला तो माणूस दिसला, गोळ्यात दारू भरून घरी येऊन हात धुणारा. तुम्ही त्याला माफ केलंत की त्याच्या शेजारी जाऊन बसलात, मला नीट सांगता येत नाही. कदाचित तुमच्या हिशेबी ते एकच असेल.

पण ऐका. मला हे पटलेलं नाही. तुम्ही देशाच्या फॅक्टरीत कामाला होतात, तो रस्त्यावर टपून बसला होता. विलास कुणाला मारायला गेला नव्हता, लोकांना दवाखान्यात नेणाऱ्या रस्त्याची राखण करत होता. बाबा म्हणतात तेही खरं आहे. राखण करणारा कोणीच नसता तर तुमच्या मंडळीला त्या खोलीत बसून प्रार्थना तरी कुणी करू दिली असती? हे सगळं मी तुम्हाला म्हणाले असते. तुम्ही गप्प बसला असतात. मी आणखी चिडले असते. आणि संध्याकाळी तुम्ही चहा करून माझ्यासमोर ठेवला असतात. तेवढं आयुष्य आपल्याकडे अजून असायला हवं होतं.

आणखी एक, जे मी कुणाजवळ बोलू शकत नाही. तुम्ही मला न सांगितल्याबद्दल मी संतापले आहे, आणि न सांगितल्याबद्दलच तुमची उपकृतही आहे. तेव्हा कळलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं, मला माहीत नाही. तुमचं काय केलं असतं, तेही नाही. ती गोष्ट तुम्ही इतकी वर्षं एकट्याने उचललीत. आता ती माझ्याकडे आहे आणि फार जड आहे, आणि तुम्ही ती घेऊन रोज धावायला कसे जात होतात, हे मला समजत नाही.

लालसू उठला. म्हणाला, "तुमी म्हणाल तर मंडळीत येत नाई. दुसरीकडं जाईन."

किती सोपं होतं. एक शब्द म्हटला असता की तो गेला असता, आणि माझ्या बाजूला सगळं गाव उभं राहिलं असतं.

मी म्हटलं, "ये. पण माया नजरेसमोर नको बसू."

कबरीच्या सिमेंटचं मी काही बोलले नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

या रविवारी मी एकटी गेले. बायकांच्या बाजूला, खिडकीपाशी बसले. गाणं सुरू झाल्यावर दाराशी चपला काढल्याचा आवाज आला, आणि मागे कुणीतरी खाली बसलं. भाकर मोडली, प्रार्थना झाल्या, तुमच्या नावाने एका भावाने आभार मानले. मी शेवटपर्यंत मागे वळून बघितलं नाही. पण तो अजून आहे की उठून गेला, याकडेच माझा सगळा वेळ कान होता.